पाच मोजेपर्यंत

चामराजपेटेतल्या त्या गल्लीत कुणाची मान धरली, कंबर लचकली, गुडघा आखडला, की माणूस दवाखान्याच्या आधी सकवारबाईच्या कट्ट्यावर यायचा. यायचा आणि नुसतं "अक्का" म्हणून दुखरा भाग पुढे करायचा. पुढचं सगळं तिच्याकडे. वाढवून सांगायची गरजच नाही, गल्लीतल्या कुणालाही विचारा.

तिचा शेक म्हणजे जाड्या मिठाचा. लोखंडी तव्यावर मीठ तडतडेपर्यंत भाजायचं, जुन्या पंच्याच्या तुकड्यात बांधून पुरचुंडी करायची. एवढं तर कुणालाही येतं. खरी विद्या पुढे होती. पुरचुंडी आधी आपल्या उजव्या तळहातावर दाबून धरायची आणि मोजायचं. तीनलाच हात मागे आला तर फार कढत आहे, थांबायचं. पाचपर्यंत धरवलं की माणसाला लावायला योग्य. आठपर्यंत धरवलं तर निवली, पुन्हा तव्यावर. सासूनं शिकवलेली रीत. सासूला तिच्या सासूनं. घराणं बंगळुरात येऊन तीनशे वर्षं झाली, घरातल्या मराठीत अर्धी कन्नड मिसळली, पण शेकाचं मोजणं मात्र मराठीतच राहिलं.

"माझा हात खोटं बोलत नाही," असं सकवारबाई सांगायची. आणि बत्तीस वर्षांत कुणाला चटका म्हणून बसला नव्हता.

यातला पहिला मान नवऱ्याचा. संताजी शिंपीकाम करायचा. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. चाळीस वर्षं जड कात्रीनं कापड कापून त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता. संध्याकाळी पाच वाजले की तो मशीनवर कापड टाकायचा, सदरा काढायचा आणि बाह्यांच्या बनियनवर स्टुलावर येऊन बसायचा. दार उघडं, येणारे-जाणारे बघणार, म्हणून शेक बनियनवरूनच. अर्धा तास. पहिल्या दहा मिनिटांत तो हुंकार भरायचा, पुढच्या दहात मान खाली जायची, आणि शेवटी तो बसल्या बसल्या डुलकी घ्यायचा. दिवसभरात हा माणूस तिच्याशी दहा वाक्यं बोलत नसे. पण रोज संध्याकाळी तिच्या हाताखाली तो खांदा सैल पडायचा, आणि सकवारबाईला वाटायचं, झालं, आपलं सगळं बोलून झालं.

तर अशा या सुरळीत संसारात सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत वरच्या मजल्यावर शाल्मली राहायला आली.

पुण्याची मुलगी. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, केस कापलेले, चाल भराभर. नवरा ध्रुव कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत. सकाळी सातला कंपनीची बस धरायचा तो दिवेलागणीनंतर उगवायचा. सामान टेम्पोतून उतरलं तेव्हा सकवारबाईनं कट्ट्यावर उभं राहून सगळं बघितलं. पलंग, पुस्तकांची खोकी, आणि चौघांनी मिळून वर चढवलेला मोठा थोरला फ्रिज. दोन माणसांना एवढा फ्रिज कशाला, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात मुलीनंच खाली येऊन सांगितलं, "काकू, मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथल्या एका हॉस्पिटलात दुपारपर्यंत जाते. काही लागलं तर सांगा हं."

"म्हणजे काय असतं गं ते?"

"म्हणजे सांधे, स्नायू दुखतात ना, त्यावर व्यायाम, शेक, बर्फ असं सगळं."

शेक म्हटल्याबरोबर सकवारबाईच्या कपाळावर आठी चढली. "शेक तर मी देते," ती म्हणाली.

"हो? अरे वा!" असं म्हणून ती पोरगी चक्क हसली. त्या हसण्यात काही नव्हतं. पण सकवारबाईनं ते पदरात बांधून ठेवलं.

महिनाभरात मल्लाप्पा पडला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा मल्लाप्पा. वरच्या फळीवरचा डबा काढताना स्टूल कलंडलं आणि घोट्यातून पाय मुरगळला. दोघांनी धरून त्याला अक्काच्या कट्ट्यावर आणून बसवलं. घोटा बघता बघता लिंबाएवढा सुजला होता. सकवारबाईनं तवा चढवला, मीठ भाजलं, पुरचुंडी तळहातावर धरून पाच मोजले आणि आता लावणार, तोच जिन्यावरून आवाज आला.

"काकू, थांबा! ताज्या मुरगळीवर शेक नको. सूज वाढेल."

आणि ती खाली आलीसुद्धा. हातात बर्फाची पिशवी, टॉवेलात गुंडाळलेली. मल्लाप्पाचा पाय तिनं उशीवर उंच ठेवला, पंधरा मिनिटं बर्फ धरला, पट्टी बांधली, आणि म्हणाली, "दोन दिवस असंच. मग हवा तर काकूंचा शेक घ्या. जुन्या दुखण्याला त्यांचाच शेक चांगला."

मान देऊनच बोलली होती बिचारी. पण गल्लीतली दहा माणसं तिथं उभी, आणि त्यांच्यादेखत सकवारबाई हातात गरम पुरचुंडी घेऊन नुसती उभी. तिसऱ्या दिवशी मल्लाप्पा दुकानात उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाला पाय वर करून दाखवायला लागला. "आइस, अण्णा, आइस! स्वल्प सुद्धा सूज नाही!"

सकवारबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. बर्फ! गोळेवाला विकतो ते! त्याला काय अक्कल लागते? पाणी ओतलं, फ्रिजमध्ये ठेवलं, झालं औषध!

त्यानंतर एकेक माणूस गळायला लागला. समोरची सुनंदा, गुडघ्यासाठी चार वर्षं येत होती, ती यायची थांबली. "आता बरं आहे अक्का," म्हणाली आणि नजर चुकवून पुढे गेली. बरं आहे तर मग मंगळवारी वर कशाला चढत होतीस गं, लंगडत लंगडत? सकवारबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. मग निवृत्त पोस्टमास्तर विद्याधर गेले, त्यांची कंबर घेऊन. पुढे पुढे तर ती पाच वाजता कट्ट्यावर निवडायला तांदूळ घेऊन बसायची ती तांदळासाठी नाही, जिन्यावर कोण चढतं ते मोजायला.

जळत होती, आणि ते तिलाही कळत होतं. आंघोळ करताना, भाकरी थापताना, तुळशीला पाणी घालताना ती पोरगी डोक्यात. तिचे कापलेले केस, तिचा फ्रिज, तिचं ते 'अरे वा'. एकदा तर मार्केटहून भाजी घेऊन आली, घरात शिरली, आणि संताजी म्हणाला, "अगं, एक चप्पल कुठं?" बघते तर डाव्या पायात चप्पल, उजवा पाय उघडा. एवढ्या उन्हात, तापलेल्या डांबरावरून आली आणि पत्ता नाही! ती हसली, पण मनात म्हणाली, बघा, या भवानीनं माझं डोकंसुद्धा फिरवलं. संताजी मात्र हसला नाही. तिच्या पायाकडे बघत राहिला.

भरीला भर म्हणून मीठही दगा द्यायला लागलं. पूर्वी तव्यावर चार मिनिटं पुरायची. आता आठ-आठ मिनिटं भाजलं तरी पुरचुंडी पाचपर्यंत सहज धरवायची. काही काही दिवशी आठपर्यंत. मग परत तव्यावर, अजून भाज, अजून भाज. तिनं तवा बदलला. स्टोव्हच्या वाती बदलल्या. शेवटी मल्लाप्पाच्या दुकानात जाऊन भांडली.

"कसलं मीठ देतोस रे? तापतच नाही! दगड मिसळतोस काय?"

"अक्का, तेच मीठ. तीस वर्षं तेच."

"तेच? मग ऊब कुठं गेली त्याची? त्या बर्फवालीच्या नादाला लागलास, आता मीठसुद्धा थंड विकायला लागलास!"

दुकानात संताजी उभा होता, बटणं घ्यायला आलेला.  बायकोच्या हाताकडे बघत राहिला. ती तणतणत घरी आली.

आणि मग एप्रिलच्या पहिल्या सोमवारी, पाच वाजता, संताजी स्टुलावर बसला नाही.

"आज नको शेक," तो म्हणाला. "उकडतंय."

दुसऱ्या दिवशी, "आज बरा आहे खांदा." तिसऱ्या दिवशी त्यानं पाच वाजता मशीनवर कापड टाकलं, सदरा काढला नाही, आणि जिना चढून वर गेला.

सकवारबाई तव्यावरचं मीठ हलवत होती. मीठ जळेपर्यंत ती तशीच हलवत राहिली.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितलेली बरी. नवरा तरण्या पोरीकडे जातो म्हणून भलती शंका तिला आली नाही. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, ती ओळखून होती त्याला. खरं तर तशी शंका आली असती तर सोपं झालं असतं, चार शिव्या घालून मोकळी झाली असती. तिचा मत्सर निराळाच होता. बत्तीस वर्षं जो खांदा तिच्या हाताखाली सैल पडला, तो आता बर्फाखाली सैल पडत असेल. तिथंही तो हुंकार भरत असेल. तिथंही त्याची मान खाली जात असेल. गल्ली गेली तर जाऊ दे, पण हा खांदा तिचा होता. तो गेला तर मग तिचं काय राहिलं?

आणि कधी विचारायला जावं तर हा माणूस "आलोच" म्हणून सटकायचा. वर आणखी एक नवलच. ज्यानं उभ्या जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही, तो पहाटे उठून नळावर आपलं बनियन धुवायला लागला! साबण लावून, घासून घासून. वाळतही घालायचा स्वतःच, मागच्या दोरीवर, कोपऱ्यात.

"कशाला एवढा थाटमाट?" तिनं विचारलं. "वर नटून जावं लागतं वाटतं?"

"घाम येतो," संताजी म्हणाला, आणि बादली घेऊन आत गेला.

त्या दिवशी सकवारबाईनं ठरवलं की आता बस्स.

दोन्ही मजल्यांचे मीटर जिन्याखाली. वरच्या मजल्याचा पांढरा चिनी मातीचा फ्यूज कुठला हे तिला पक्कं ठाऊक होतं. सकाळी शाल्मली हॉस्पिटलला गेली, संताजी कापड आणायला चिकपेटेत गेला, आणि सकवारबाईनं लाकडी पाटावर उभं राहून तो फ्यूज ओढून काढला. तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या खाली पुरून ठेवला. बघू आता बर्फ कुठून येतो! एप्रिलचा महिना, बंद फ्रिज, संध्याकाळपर्यंत नुसतं पाणी. आणि पाच वाजता, तो वर गेला की दोन मिनिटांनी, आपणही वर जायचं. पुरचुंडी घेऊनच. त्या पोरीचं पडलेलं तोंड बघायचं आणि म्हणायचं, बर्फ संपला? घ्या, माझं मीठ कधी संपत नाही.

दुपारभर ती या वाक्यावर खूश होती. दोन-तीनदा मोठ्यानं म्हणूनसुद्धा बघितलं.

पाच वाजले. संताजी वर गेला. सकवारबाईनं मीठ भाजलं, चांगलं भाजलं, पुरचुंडी बांधली, तळहातावर धरून पाच मोजले, आणि पदराखाली झाकून जिना चढली. दार लोटलेलं होतं. आतून संताजीचा आवाज येत होता. एवढं सलग बोलताना तिनं त्याला वर्षभरात ऐकलं नव्हतं.

"...तिला मात्र सांगू नकोस पोरी. एवढं कर."

"किती दिवस लपवणार काका? त्यांना कळायला हवं."

सकवारबाईचं रक्त उसळलं. लपवणार! तिनं दार ढकललं.

संताजी खिडकीजवळच्या स्टुलावर बसला होता. पाठमोरा, बनियन काढलेलं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली तरी भर उजेडात त्याची उघडी पाठ तिनं कितीशी बघितली असेल! उजव्या खांद्याखाली, फऱ्यावर, तळहाताएवढा लाल-काळा डाग होता. कडेला फोड फुटून ओलं झालेलं. त्याच्या वर एक जुना, तपकिरी. त्याच्या शेजारी अजून एक. तिन्ही गोल, पुरचुंडीच्या मापाचे. शाल्मली माठातल्या पाण्यात फडकं बुडवून, पिळून, हळू हळू त्यावर ठेवत होती.

बर्फ नव्हताच तिथं. बर्फाचं काही कामच नव्हतं.

"हे काय?" सकवारबाई म्हणाली. तिचं ते पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं होतं. "हे कुणी केलं?"

संताजीनं घाईघाईनं बनियन ओढून घेतलं. उत्तर तर तिच्या पदराखाली होतं.

"मी?" ती म्हणाली. "काहीतरीच! मी पाच मोजल्याशिवाय लावत नाही. बत्तीस वर्षांत एक चटका नाही. विचार गल्लीत!"

"काकू, ती पुरचुंडी खाली ठेवा आधी," शाल्मली म्हणाली. "पंचा बघा, जळतोय, वास येतोय."

सकवारबाईनं पदर बाजूला करून बघितलं. पंच्याला बदामी डाग पडला होता आणि कडेनं बारीक धूर येत होता. पुरचुंडी तिच्या हातात होती. जिना चढून आली तेवढा वेळ तिच्या हातात होती.

शाल्मलीनं सांडशीनं पुरचुंडी उचलली आणि मोरीत टाकली. चर्र झालं. मग तिनं काकूंचे दोन्ही हात नळाखाली धरले, त्यांना खुर्चीवर बसवलं, हात उलटसुलट करून बघितले. उजवा तळहात लाल झाला होता, मध्ये जुने कोरडे चट्टे होते. सकवारबाईला ते तव्याचे वाटायचे.

"डोळे मिटा काकू. हातात एक वस्तू देते. काय आहे ते सांगा."

"मी काय शाळेतली आहे?"

"एकदाच."

ती डोळे मिटून बसली. शाल्मलीनं फ्रिज उघडल्याचा आवाज तिला आला, भांड्यांचा आवाज आला. मग तळहातावर काहीतरी आलं. वजन कळलं. गुळगुळीत होतं. बोटं फिरवली तर सटकत होतं. हरायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

"साबण," ती ठासून म्हणाली. "साबणाची वडी. धुतल्यासारखी ओली आहे."

 तिनं डोळे उघडले. तिच्या तळहातावर बर्फाचा तुकडा होता, बंद फ्रिजमध्ये वितळता वितळता उरलेला शेवटचा. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं होतं आणि साडीवर टपकत होतं.

तिनं तो तुकडा मुठीत घट्ट दाबला. गार लागावा म्हणून दाबला. दात-ओठ खाऊन दाबला. तो संपून गेला, तरी लागला नाही.

"तुम्हाला साखरेचा आजार असावा," शाल्मली हळू आवाजात म्हणाली. "बऱ्याच दिवसांचा. त्यानं हातापायांना गरम-गार कळेनासं होतं. उद्या माझ्याबरोबर चला, रक्त तपासू. काकांनी मला चपलेचं सांगितलं तेव्हाच माझ्या मनात आलं होतं."

सकवारबाईनं नवऱ्याकडे बघितलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"तू मल्लाप्पाशी मिठावरून भांडलीस ना," संताजी म्हणाला, "त्या दिवशी कळलं. मीठ तेच होतं. खांद्याला तर महिनाभर आधीपासून कळत होतं."

"मग बोलला का नाही? चटके बसत होते तर तोंडात काय होतं?"

"तू मोजत होतीस," तो म्हणाला. "एवढ्या विश्वासानं मोजायचीस. मी काय बोलणार!"

"आणि ती सुनंदा? मास्तर?"

संताजी बनियनच्या कडेशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "सुनंदाच्या गुडघ्याला फोड आला. मास्तरांच्या कंबरेला. ते तुला सांगायला निघाले होते. मी म्हटलं, अक्काला सांगू नका, हवं तर वर जा, मी सांगतो शाल्मलीला."

म्हणजे तीन महिने ती ज्या पोरीच्या नावानं बोटं मोडत होती, तिनं एकही माणूस पळवला नव्हता. माणसं नवऱ्यानं पाठवली होती. तिचं नाव राखायला. सकवारबाईला राग आला, इतका आला की त्याला घ्यावं आणि गदागदा हलवावं असं वाटलं. पण हलवणार कुठं धरून? खांद्याला तर फोड होते.

ती पदरानं हात पुसत बसली. कोरडे झाले तरी पुसत बसली. मग एकदम म्हणाली, "तुझा फ्यूज तांदळाच्या डब्यात आहे."

"काय?"

"तळाशी. पाठवून देते."

शाल्मलीनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा बंद फ्रिजकडे, आणि ओठ दाबून धरले. हसली नाही. त्याबद्दल सकवारबाईनं तिचे पहिल्यांदा उपकार मानले.

रक्तात साखर निघाली, भरपूर निघाली. गोळ्या आल्या, गोड बंद झालं, पायात दिवसभर चप्पल आली. "गेलेलं परत येईल का?" तिनं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आहे ते राखायचं, गेलेल्याची खात्री देता येत नाही. तवा तिनं माळ्यावर टाकला. पाच वाजले की ती देवळात जायला लागली, एरवी कधी न जाणारी. सुनंदाला नि मास्तरांना भेटून आली, हात जोडले. मास्तर म्हणाले, अहो अक्का, काहीतरीच काय! त्यावर तिला रडू आलं, तेवढंच.

दीड महिन्यानं संताजीची कातडी भरून आली. पण खांदा तो खांदा. जूनमध्ये हवा गार झाली, शाळांचे गणवेश शिवायचा हंगाम आला, आणि कात्री धरून त्याचा हात वर होईना. शाल्मलीनं व्यायाम शिकवले, तो करायचाही. मग एके दिवशी तिनंच सांगितलं, "काका, आता फोड नाहीत. जुन्या आखडलेल्या खांद्याला शेकच हवा."

"तूच दे मग," सकवारबाई म्हणाली. "तुझ्याकडे ती रबराची पिशवी असेल."

"मी कशाला?" संताजी म्हणाला. पाच वाजले होते. त्यानं मशीनवर कापड टाकलं, सदरा काढला आणि जुन्या जागी स्टुलावर येऊन बसला. पाठ करून. नेहमीसारखा.

सकवारबाई उभीच राहिली. त्या पाठीकडे बघत राहिली. मग माळ्यावरून तवा काढला, मल्लाप्पाचं तेच जाडं मीठ टाकलं, भाजलं, नवा पंचा फाडून पुरचुंडी बांधली. सवयीनं ती उजव्या तळहातावर ठेवायला गेली आणि तिथंच थांबली. त्या हाताला विचारून आता उपयोग नव्हता.

"शाल्मली," ती म्हणाली, "इकडे ये. हात पुढे कर."

"मी?"

"तुझ्या हातानं मोजायचं. तीनच्या आत मागे आला तर कढत आहे. पाचपर्यंत धरवलं तर सरी, लावायला योग्य. आणि उगाच शहाणपणा करून धरून ठेवायचा नाही."

शाल्मलीनं उजवा हात पुढे केला. गोरा, बारीक बोटांचा, नखं कापलेली. सकवारबाईनं पुरचुंडी चिमट्यानं उचलून त्या तळहातावर ठेवली, आणि मोजायला लागली. बत्तीस वर्षं मोजत आली होती तशीच.

"एक. दोन..."

"आई गं!" म्हणून शाल्मलीनं हात झटकला. पुरचुंडी खाली पडली. पोरगी तळहातावर फुंकर मारत, नाचत, हसत होती. "केवढी गरम आहे काकू!"

तळहात लालबुंद झाला होता.

सकवारबाई त्या हाताकडे बघत राहिली. बर्फाचा तिनं मत्सर केला होता, फ्रिजचा केला होता, जिन्यावर चढणाऱ्या प्रत्येक माणसाचा केला होता. पण आत्ता, या पोरीला जो चटका बसला, त्याचा तिला जेवढा हेवा वाटला, तेवढा उभ्या जन्मात कशाचा वाटला नव्हता.

"निवू दे स्वल्प," ती म्हणाली. वाकून पुरचुंडी उचलली. "मग पुन्हा मोजू."

स्टुलावर संताजी पाठ करून, खांदा सैल सोडून, वाट बघत बसला होता.